कोरडा पुठ्ठा

देवराम भोयेच्या गॅरेजातून गाडी कधी त्याच दिवशी परत मिळत नसे. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, कितीही फोन करो, इंजिन उघडलेली गाडी एक रात्र तिथे मुक्कामाला राहायचीच. संध्याकाळी देवराम तिच्या पोटाखाली एक कोरा पुठ्ठा सरकवायचा, आणि सकाळी गिऱ्हाईक आलं की तो काढून त्याच्या हातात द्यायचा. "बघा," एवढंच म्हणायचा. पुठ्ठ्यावर तेलाचा ठिपका नाही, पाण्याचा डाग नाही, हे ज्याला कळायचं त्याला कळायचं. एका वकीलसाहेबांनी पुठ्ठा उलटापालटा करून "सही कुठे करायची?" असं विचारलं होतं. ती गोष्ट देवरामची बायको भागीबाई पुढे कितीतरी वर्षं हसत हसत सांगायची.

पेठ रोडला आरटीओच्या अलीकडे-पलीकडे गॅरेजं पायलीची पन्नास. कुणाच्या बोर्डावर वाघ, कुणाच्या बोर्डावर पंख फुटलेलं चाक. देवरामच्या पत्र्याच्या शेडवर बोर्डच नव्हता. होता तो एका वादळात उडून गेला आणि परत लावायला कुणाला सवड झाली नाही. तरी लोक विचारत विचारत यायचे. 'पुठ्ठेवाला मिस्त्री' म्हटलं की रिक्षावाले बरोब्बर आणून सोडायचे.

माणूस मूळचा पेठच्या डोंगरातला. अठराव्या वर्षी पाड्यावरच्या इतरांबरोबर द्राक्षबागेत मजुरीला खाली उतरला, आणि छाटणी शिकायची सोडून फवारणीच्या इंजिनापाशीच घुटमळत राहिला. बागवानाने दोनदा शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा इंजिन बंद पडलं तेव्हा यानेच ते चालू करून दिलं. मग भद्रकालीत एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली सात वर्षं काढली, आणि लग्न झाल्यावर पेठ रोडला ताडपत्री बांधून स्वतःचं काम मांडलं. भागीबाई तेव्हा बांधकामावर घमेली उचलत होती. एक दिवस नवऱ्याला डबा द्यायला आली आणि त्याने जमिनीवर पसरलेले नट-बोल्ट बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे काय, कोंबड्यांना दाणे टाकलेत का?" असं म्हणाली. घमेली सुटली ती त्या दिवसापासून.

शाळेचं तोंडही न पाहिलेल्या या बाईने गॅरेजला जी शिस्त लावली ती भल्याभल्या कंपन्यांत नसेल. जुन्या धोतराचं पांढरं फडकं अंथरायचं. इंजिनातून जे जे सुटेल ते डिझेलमध्ये धुऊन, पुसून, सुटलं त्याच क्रमाने फडक्यावर डावीकडून उजवीकडे मांडायचं. बांधताना उलटं. उजवीकडून एकेक उचलायचं आणि देवरामच्या मागे पसरलेल्या हातात ठेवायचं. तो मान वळवत नसे. डोळे इंजिनात, हात मागे, आणि हातात पडेल ते बसवायचं. भागीने दिलेलं तपासायचं नाही. फडकं रिकामं झालं की ती ते झटकायची आणि विचारायची, "उरलं काय?" तो म्हणायचा, "काय नाय." मगच तेल ओतायचं. त्यांचा मुलगा ललित शाळेत होता तेव्हा एकदा फडक्याच्या घडीत नखाएवढी एक क्लिप सापडली होती. देवरामने बांधलेलं अख्खं इंजिन परत उघडलं, आणि ते बंद होईपर्यंत दोघांपैकी कुणीही जेवलं नाही.

तांब्याच्या वायसरचं कामही तिचंच. जिथून तेल किंवा पाणी गळायची भीती असते त्या बोल्टाच्या डोक्याखाली तांब्याची पातळ चकती घालतात, तिला गॅरेजात वायसर म्हणतात. बोल्ट आवळला की तांबं दबतं आणि फट बुजते. एकदा दबलेलं तांबं कडक होतं, पण लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की परत मऊ. सुरुवातीच्या दिवसांत दर वेळी नवा वायसर आणायची ऐपत नव्हती. भागीबाई जुने वायसर पदराच्या टोकाला गाठ मारून घरी न्यायची, भाकरी झाल्या की चुलीतल्या निखाऱ्यांत घालायची आणि सकाळी मऊ करून परत आणायची. पुढे गॅस आला, शेडच्या मागे पक्क्या दोन खोल्या झाल्या, नवे वायसर डब्यांनी मिळू लागले, आणि भागीबाई जुना काढून नवाच बोल्टावर चढवून देऊ लागली. चूल मोडली आणि त्या जागी पाण्याची टाकी बसली. या गोष्टीलाही वीस वर्षं होऊन गेली.

आणि मग हे वर्ष आलं.

आधी दूधवाला सांगून गेला की मिस्त्री, तुम्ही बांधलेल्या इंजिनातून तेल गळत होतं, वाटेत दुसरीकडे नीट करून घेतलं. मग एका कुरिअरवाल्याने तेच सांगितलं, त्याच्या पुढच्या शॉकअपमधून तेल येत होतं. पुठ्ठे दोन्ही वेळा कोरडे होते. गाडी थंड असताना सगळं ठीक, रस्त्याला लागली की गळती. तिसरी बातमी मात्र वेगळी होती. मखमलाबादकडच्या एका शाळेतल्या बाई स्वतः आल्या होत्या. त्यांच्या स्कूटरचा पुढचा ब्रेक त्याने उघडून जोडला होता. आठ दिवसांनी उतारावर त्यांनी ब्रेक दाबला तर दांडी नुसती आत गेली. पाइपाच्या जोडातून ब्रेकचं तेल निघून गेलं होतं. मागचा ब्रेक लागला म्हणून बाई वाचल्या. त्या भांडल्या नाहीत. "काका, आता वय झालं हो तुमचं," एवढंच म्हणाल्या, आणि भांडल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

त्या रविवारी ललितने विषय काढला. तो अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, पाथर्डी फाट्याला त्याचा फ्लॅट. पोरगा मायाळू, पण एकदा डोक्यात घेतलं की सोडणार नाही. ते देवरामचंच रक्त. "बाबा, उद्या कुणाचा जीव गेला तर? शेड भाड्याने देऊ. तुम्ही दोघं माझ्याकडे या. आईला तरी किती राबवणार?"

देवरामने हातांकडे बघितलं. साठी उलटली होती, बोटांच्या पेरांना गाठी आल्या होत्या. तो म्हणाला, "यशश्रीच्या गाडीचं इंजिन आलंय. अवघड काम हाय. ते बांधतो. गाडी कोरडी राहिली तर तू परत हे बोलायचं नाय. थेंब पडला तर मी सोता शटर ओढीन."

"नक्की?"

"नक्की."

"ह्यांच्या हाताला काय झालंय रे?" भागीबाई आतून ओरडली. तिने चहा आणला, तो सगळ्यांनी प्यायला, आणि थोड्या वेळाने तिने परत चहा आणला. ललित हसला, देवरामही हसला. अलीकडे भाजीत दोनदा मीठ पडायचं, परवा तर तिने ललित शाळेतून आला का असं विचारून मग स्वतःच जीभ चावली होती. देवरामने त्यावरून तिला आठवडाभर चिडवलं. तिचंही वय झालंच होतं की.

यशश्री म्हणजे पंचवटीतल्या एका पूजा सांगणाऱ्या गुरुजींची मुलगी. वडील घाटावर संकल्प सोडायचे आणि लेक माळावर डर्ट बाइक उडवायची. चिखलात, दगडांत, टेकाडांवरून. वडिलांना यजमानांपुढे हे सांगताना कसंसंच व्हायचं, पण शर्यतीच्या दिवशी गुपचूप नारळ तेच फोडायचे. गाडी परदेशी बनावटीची, पाण्याने थंड होणारं इंजिन. ते शर्यतीत पार बसलं होतं. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंगं, पॅकिंग, सगळं नवं. दोन आठवड्यांनी रविवारी घोटीच्या पुढे तिची वर्षातली मोठी शर्यत होती.

देवरामने त्या इंजिनाला पाच दिवस दिले. इतकं जपून त्याने उमेदवारीतही काम केलं नव्हतं. डोळे आत, हात मागे, आणि भागीबाई फडक्यावरून एकेक उचलून हातात ठेवत होती. तिचा हात एकदाही अडखळला नाही. पुढच्या सोमवारी फडकं झटकून झालं. "उरलं काय?" "काय नाय." रेडिएटरमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी भरलं, पुठ्ठा सरकवला.

मंगळवारी सकाळी यशश्री आली तेव्हा पुठ्ठा कोरडा ठक्क होता. देवरामने तो तिच्या हातात दिला आणि आत जाऊन ललितला फोन केला. "कोरडा," एवढंच म्हणून फोन ठेवून दिला. यशश्रीने किक मारली. इंजिन पहिल्या किकला बोललं, आणि काय आवाज होता! देवरामचा जीव भांड्यात पडला. मागच्या मोकळ्या माळावर ती अर्धा तास गाडी पिदडत होती, आणि हा शेडच्या दारात उभा राहून नुसत्या आवाजावरून गियर मोजत होता. कित्येक महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

ती परत आली, गाडी सकाळच्याच पुठ्ठ्यावर उभी केली आणि हेल्मेट काढत म्हणाली, "काका, एक नंबर झालीय!"

देवराम तिच्याकडे बघत नव्हता. पुठ्ठ्यावर एक हिरवा ठिपका पडला होता. त्याच्या देखत दुसरा पडला. त्याने बोट लावून वास घेतला. गोडसर. कूलंटच होतं.

"अगं, वरच्या नळीतून आलं असेल. जास्तीचं," तो म्हणाला, पण त्याचा स्वतःचाच आवाज त्याला खोटा वाटला. "दुपारनंतर ये. बघून ठेवतो."

यशश्री गेली. भागीबाई जेवायचं बघायला मागच्या खोलीत गेली. देवराम स्टूल ओढून गाडीसमोर बसला. मिस्त्रीची खरी परीक्षा इथे असते. पाणी जिथून गळतं तिथून कधी टपकत नाही. एकीकडून निघतं, वाऱ्याने मागे जातं, आडोशाला साचतं आणि भलतीकडूनच खाली पडतं. थेंब दिसला म्हणून तिथेच पाना लावणारे पेठ रोडला ढिगाने होते.

आधी त्याने सगळ्यात वाईट शंका घेतली. इंजिनाच्या माथ्याखालची, म्हणजे हेडची पॅकिंग गेली असेल तर पाणी तेलात उतरतं आणि तेलाचा चहा होतो. त्याने तेल मोजायची काडी काढून बघितली. तेल स्वच्छ, मधासारखं. धूरही पांढरा नव्हता. म्हणजे आतलं सगळं शाबूत होतं. मग रबरी नळ्या, त्यांच्या क्लिपा, एकेक हाताने चाचपली. घट्ट. रेडिएटरच्या जाळीवरून बोट फिरवलं. कोरडी. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील फाटलं की पाणी तिथून बाहेर येऊन मिस्त्रीला सांगतं. काही अर्धवट कारागीर तेच भोक पुट्टी भरून बुजवतात आणि गळती थांबली म्हणून खूश होतात. देवरामने त्या भोकात कागदाची सुरळी घालून बघितली. सुरळी कोरडी निघाली.

मग त्याने इंजिन धुऊन पुसून लख्ख केलं. भागीबाईच्या पावडरचा डबा आणला आणि इंजिनाचं सगळं पोट पावडरीने पांढरं केलं. एका जुन्या रेडिएटरच्या झाकणात त्याने कधीकाळी सायकलच्या ट्यूबची नळी बसवून ठेवली होती. ते झाकण लावलं, हातपंपाने हवा भरली. गाडी चालू न करता आत तापल्यासारखा दाब आला. आता फक्त बघत बसायचं. असं बघत बसणं त्याला तरुणपणी फार आवडायचं. आज त्याला धाप लागली होती.

पांढऱ्या पावडरीवर एक हिरवी रेघ उमटली. वॉटर पंपाच्या तळाशी, पाणी काढून टाकायच्या बोल्टापासून निघून ती मागे चालली होती. देवरामने दाब सोडला आणि खाली डबा ठेवून पाना लावला. बोल्ट निघून त्याच्या तळहातावर आला, तो नुसता. डोक्याखाली वायसर नव्हता.

त्याने बोल्ट बोटांत फिरवून बघितला. इतकं साधं. शिकाऊ पोराने चूक केली असती तर त्याने कान धरला असता. बोल्ट नागडा आहे हे डोळ्यांना नाही तर या बोटांना तरी कळायला नको होतं? म्हणजे ललित म्हणत होता ते खरं. हात गेले. चाळीस वर्षांनी गेले, सगळ्यांचेच जातात. शटर कधी ओढायचं एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

पण नवा वायसर घालून आजचं काम तर पुरं करायला हवं होतं. वायसरचा डबा मागच्या खोलीत. तो आत गेला तर खोलीत भागीबाई नव्हती. आमटी उतू जाऊन गॅस विझला होता. त्याने बटण बंद केलं आणि मागच्या अंगणात डोकावला.

ती पाण्याच्या टाकीपाशी ओणवी होऊन टाकीच्या बुडाशी हात घालून काहीतरी शोधत होती.

"भागी? काय हरवलं?"

ती वळली. चेहऱ्यावर वैताग होता. "अवो, चूल कुणी हलवली? भाकरी झाल्या, निखारा वाया चाललाय. वायसर लाल करायचेत अजून. सकाळी काय देऊ तुमाला?"

तिच्या पदराच्या टोकाला गाठ होती.

देवराम तिथल्या तिथे पायरीवर बसला. "आण इकडं," तो म्हणाला. "बघू दे."

तिने विश्वासाने गाठ सोडली आणि त्याच्या हातावर रिकामी केली. सहा वायसर होते. कुठला कशाचा हे त्याला सांगावं लागत नव्हतं. हा जाड दूधवाल्याच्या इंजिनाचा. हा शॉकअपच्या तळाचा. ही पातळ चकती बाईंच्या स्कूटरच्या ब्रेकची. हा आजचा, पंपाच्या बोल्टाचा. दोन कुठल्या गाड्यांचे ते त्याला आठवेना. मापावरून तेलाचे होते, ब्रेकचे नव्हते, एवढंच नशीब.

म्हणजे ती एकदाही क्रम चुकली नव्हती. प्रत्येक बोल्ट बरोबर त्याच्या हातात पडला होता. फक्त देण्याआधी तिने त्यावरचा जुना वायसर काढून, घरी नेऊन मऊ करायला म्हणून पदरात बांधला होता. तीस वर्षांपूर्वी करायची तसा. फडक्यावर काही उरत नव्हतं, म्हणून दोघांनाही काही कळत नव्हतं. ती काम विसरली नव्हती, ती आज कुठलं साल आहे ते विसरली होती.

त्याने आपले दोन्ही हात समोर धरले. हात थरथरत नव्हते. हात शाबूत होते, आणि वर्षभर ज्या गोष्टीसाठी तो मनातल्या मनात झुरत होता ती त्याला अशी परत मिळाली होती. त्याला रडू फुटलं. हात गेले असते तर किती बरं झालं असतं. दोन्ही गेले असते तरी चाललं असतं.

"अवो, काय झालं?" भागीबाई त्याच्याजवळ येऊन बसली. "चूल नाय सापडत म्हणून? मांडू की दुसरी."

"हां," तो डोळे पुसत म्हणाला. "मांडू."

त्याने टाकीशेजारी तीन विटा मांडल्या. खोक्याच्या फळ्या मोडून आणल्या, वर पत्र्याचा तुकडा ठेवला. जाळ लागताच भागीबाईचा चेहरा निवळला. तिने आजचा वायसर तारेला अडकवून जाळात धरला, आणि तो लाल होईपर्यंत तिची नजर हलली नाही. नेमक्या क्षणी तिने तो तांब्यातल्या पाण्यात सोडला. चुर्र आवाज झाला. बाहेर काढून तिने तो नखाने दाबून बघितला आणि नवऱ्याच्या हातावर ठेवला. "झाला मऊ. घ्या."

नव्या वायसरचा डबा उघडायची गरज पडली नाही. देवरामने तोच बसवला, बोल्ट आवळला आणि कूलंट परत भरलं. दाब दिला, पावडर पांढरीच राहिली. चारच्या सुमारास यशश्री आली, माळावर तासभर फिरवून आली. पुठ्ठा कोरडा.

"काय झालं होतं काका?"

"माझ्याकडून वायसर घालायचा राहिला होता."

"होतं हो कधीकधी," ती म्हणाली. पण तिच्या नजरेत तेच आलं जे शाळेतल्या बाईंच्या नजरेत आलं होतं. पुढचं इंजिन ती इथे आणणार नाही हे दोघांनाही कळलं. "रविवारी या बघायला. काकूंनाही आणा," असं म्हणून तिने भागीबाईला वाकून नमस्कार केला आणि गाडी टेम्पोत चढवून ती गेली.

ललित कारखान्यातून परस्पर आला, तोवर देवरामचं ठरून गेलं होतं. उद्यापासून एकेकाला फोन करायचे आणि या वर्षात उघडलेली प्रत्येक गाडी परत बोलावून स्वतः तपासायची. ललितला उद्या एकट्याला गाठून खरं सांगायचं, तिला चांगल्या डॉक्टरकडे न्यायचं. पण शेड आजच बंद. फडक्यापाशी तिला बसू देता येणार नव्हतं, आणि फडक्यापासून उठवलं तर का उठवलं हे ती विचारणार होती. जिने इतकी वर्षं एक क्लिप हरवू दिली नाही तिला ते उत्तर देणं त्याच्याच्याने होणार नव्हतं.

"थेंब पडला," ललित आत येताच तो म्हणाला.

"पण सकाळी तर तुम्ही—"

"सकाळी कोरडा होता. गाडी तापल्यावर पडला. वायसरच घातला नव्हता मी. तू म्हणत होतास ते बरोबर हाय. हात गेले माझे. बंद करू."

ललितला आनंद व्हायला हवा होता, पण बापाच्या तोंडून ते ऐकताना त्याचाच चेहरा पडला. त्याने देवरामचा हात हातात घेतला. "बाबा, खूप केलंत. आता आराम करा."

"ह्यांच्या हाताला काय धाड भरलीय?" भागीबाई कडाडली. ती खरोखर संतापली होती. "सांगून ठेवते ललित, तुझ्या बापासारखा हात अख्ख्या पेठ रोडला नाय. मी रोज बघते का तू? वायसर राहिला म्हणे! मी देते एकेक काढून, राहील कसा?"

"भागी, असू दे," देवराम म्हणाला.

"असू दे काय असू दे? तुमी गप ऐकून घेता म्हणून पोरगं बोलतं." ती धुसफुसत वाकली आणि जमिनीवरचं पांढरं फडकं उचललं. दोन्ही टोकं धरून तिने ते दोनदा झटकलं, मग नेहमीसारखी नवऱ्याकडे बघत म्हणाली, "उरलं काय?"

देवरामचा हात शर्टाच्या खिशावर गेला. आत पाच वायसर होते.

"काय नाय," तो म्हणाला.

तिने समाधानाने मान हलवली आणि फडक्याची घडी घातली.